हिरव्या बुरशीवर चिडून काय उपयोग

दहाव्या दिवशी बघते तर पिशवीतल्या पांढऱ्या जाळीच्या मधोमध हिरवागार डाग. धिंगरी अळंबीचं स्पॉन, म्हणजे तिचं बियाणं, गव्हाच्या काडात मिसळून पिशवी भरली होती, काड कसं कुजतं ते जवळून बघायचं होतं, अळंबी उगवली तर बोनस. आणि उगवली कोण, तर बहुधा ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी!

चूक माझीच. काड ६५ ते ८० अंशांच्या पाण्यात तासभर तरी ठेवायचं असतं, म्हणजे आधीपासून ठाण मांडून बसलेल्या बुरश्या बऱ्यापैकी मरतात. मी वीस मिनिटांत बाहेर काढलं, वर नीट निथळलंही नाही. मुठीत घट्ट दाबलं की जेमतेम एखाद-दोन थेंब पडावेत इतपतच ओल हवी, माझ्या काडातून धार लागत होती.

चिडचिड ओसरल्यावर वाचत बसले. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती कापड, तंबूबिंबू कुजायला लागलं, त्यातून जी बुरशी वेगळी काढली तिला पुढे ट्रायकोडर्मा रीसी नाव पडलं, एल्विन रीस या संशोधकावरून. कापूस म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, वनस्पतींच्या धाग्यांतला मुख्य घटक, आणि हिचं ते आवडतं खाणं. आज काडापासून इथेनॉल बनवताना सेल्युलोज तोडणारी जी सेल्युलेज एन्झाइम्स लागतात ती मोठ्या प्रमाणावर तिच्याच वंशजांकडून येतात. म्हणजे माझ्या पिशवीत आलेली पाहुणी चांगल्या खानदानातली होती म्हणायची :)

पण काडात नुसतं सेल्युलोज नसतं ना, त्याच्याभोवती लिग्निनचं चिवट लिंपण असतं आणि तिथे ट्रायकोडर्माचं फारसं चालत नाही. तिथे धिंगरीसारख्या पांढरी कूज आणणाऱ्या बुरश्याच लागतात. बुरशीला तोंड नाही, ती एन्झाइम्स बाहेर सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. गंमत म्हणजे ही एन्झाइम्स घट्ट काडात शिरायला आकारानं मोठीच पडतात, म्हणून त्यातलं मँगनीज पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम काय करतं, मँगनीजचे इवलेसे आयन तापट करून आत पाठवतं आणि लिग्निन त्यांच्याकडून फोडून घेतं. मला हे भारीच आवडलं.

काडावर अशी बुरशी वाढवणं हेही एक फर्मेंटेशनच. फर्मेंटेशन म्हटलं की आपल्याला वाटतं हवा बंद करायची, इथे उलटं, पाणी कमी आणि हवा भरपूर. खरी डोकेदुखी उष्णतेची. बुरशी खाते तशी तापते, काडातून ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही, ढीग मोठा केला तर मधली धिंगरी स्वतःच्याच तापानं मरते. लहान पिशव्या त्यासाठीच.

हिरवी पिशवी बंदच्या बंद बाहेर नेली, घरात उघडली असती तर बीजाणू सगळीकडे उडाले असते. कंपोस्टच्या ढिगात रिकामी केलीय, तिथे ट्रायकोडर्मा हवीच आहे. नवीन काड आत्ता गरम पाण्यात आहे आणि मोबाइलवर टायमर लावलाय, अजून चाळीस मिनिटं बाकी.