एफएसआय शून्य, रस्त्यावरचा भार पुरा: आमच्या यार्डांची वाटचाल

आमच्या फर्मची सुरुवात बांधकामाला लागणारे पाइप आणि सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटा भाड्याने देण्यापासून झाली. वडिलांचे कार्यालय बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात होते आणि माल मकरपुऱ्याच्या बाजूच्या एका उघड्या प्लॉटवर असे. हंगामात माल साइटवर गेला की प्लॉट रिकामा पडे. शेजारच्या फॅब्रिकेटरने ट्रान्सफॉर्मरच्या तयार टाक्या तिथे ठेवू देण्याची विनंती केली आणि त्या जागेचे भाडे पाइपांच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी कटकटीचे निघाले. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर, केबल आणि स्ट्रक्चरल कामाचे कारखाने भरपूर असल्यामुळे अशा मालाला तोटा नाही. त्याला छप्पर लागत नाही. लागते ती खडी टाकून दाबलेली जमीन, हायड्रा (फिरती क्रेन) वळेल इतकी मोकळीक आणि ट्रेलर एका दमात आत येईल असे फाटक.

भाडेकरू मिळण्याची अडचण आम्हाला कधीच आली नाही. अडचण आली ती उघड्या जागेवर माल ठेवण्याच्या या वापराला, म्हणजे यार्डाला, सरकारी कागदावर कोणत्या रकान्यात बसवायचे याची. गुजरातमध्ये नगररचनेचा कायदा 1976 चा आहे, त्याखाली वुडा (बडोदा नागरी विकास प्राधिकरण) 1978 मध्ये स्थापन झाली आणि 2017 पासून राज्यभरासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे. कोणत्या झोनमध्ये, किती रुंदीच्या रस्त्यावर कोणता वापर चालेल हे तिच्यातून ठरते. जमीन बिनशेती झाली म्हणजे सगळे झाले, असा पुष्कळ जमीनमालकांचा समज असतो. पण महसूल कायद्याच्या कलम 65 खालची बिनशेती परवानगी हा एक कागद आणि झोनिंगचा दाखला हा दुसरा, आणि पहिला हाती आहे म्हणून दुसऱ्याची गरज टळत नाही. टीपी स्कीममध्ये (नगररचना योजनेत, जिथे जमिनी एकत्र करून नव्याने आखतात) तर सातबारावरची मूळ जमीन आणि शेवटी वाट्याला येणारा फायनल प्लॉट यांचे क्षेत्रफळ वेगळे असते, कधीकधी जागाही वेगळी. ज्या कोपऱ्यावर आपण भाडेकराराने खडी टाकली, तिथूनच उद्या स्कीमचा रस्ता जाऊ शकतो. म्हणून एफ फॉर्म (मूळ जमीन आणि फायनल प्लॉट यांचा स्कीममधला तक्ता) आणि भाग नकाशा (त्या भागाचा स्कीमचा नकाशा) पाहिल्याशिवाय आम्ही जागेचा सौदा बोलत नाही.

व्यावसायिक झोनमधल्या आमच्या एका यार्डाबद्दल मागच्या सोसायटीने धूळ आणि ट्रेलरची तक्रार केली, तेव्हा पाहणीला आलेल्यांना माप घ्यायला इमारतच नव्हती. मार्जिन (इमारतीभोवती सोडायची जागा), पार्किंग, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या तुलनेत किती बांधकाम) हे सगळे हिशेब बांधकामापासून सुरू होतात; उघड्या यार्डात एफएसआय शून्य, पण रस्त्यावरचा भार पुरा. तक्रार खोटी नव्हती, असे माझे आजही मत आहे. तिला उत्तर देणारा नियम हाताशी नव्हता, एवढेच. अमेरिकेतील अनेक शहरांच्या झोनिंगमध्ये उघडी साठवणूक हा स्वतंत्र वापर धरतात: माल कुंपणाच्या उंचीवर जाऊ नये, रस्त्याकडच्या मोकळ्या जागेत ठेवू नये, काही झोनमध्ये खास परवानगी घ्यावी. आपल्याकडेही हा वापर गोदामाच्या किंवा पडीक प्लॉटच्या नावाखाली ढकलण्यापेक्षा वेगळा लिहिला जावा, यात आमच्यासारख्यांचेच हित आहे, कारण नियम स्पष्ट नसला की प्रत्येक नोटिशीला नवा अर्थ लागतो.

तोवर आम्ही आमचे नियम करारातच लिहिले. रस्त्याकडच्या बाजूला थप्पी कंपाउंड भिंतीच्या खाली राहते आणि चुन्याच्या फक्कीने आखलेल्या गल्ल्यांत काही ठेवता येत नाही. केबलच्या ड्रमाला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकल्याशिवाय हायड्राने साखळी सोडायची नाही. तेल भरलेले ट्रान्सफॉर्मर, टायर आणि भंगार आम्ही घेत नाही. त्यापायी चांगली गिऱ्हाइके गेली, ती जाऊ दिली. चढ-उतार फाटकाच्या आतच होते, आणि यावर सर्वांत जास्त वाद ट्रेलरच्या ड्रायव्हरांशी होतात. वर्षाहून लांब मुदतीचा करार नोंदवलेलाच असतो आणि भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, हे सुरुवातीलाच सांगितले की पुढची घासाघीस आपोआप आटोपते.

2019 च्या जुलैअखेर बडोद्यात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला, तेव्हा रिकामे लाकडी ड्रम तरंगत फाटकापर्यंत आले. शहराचे पावसाचे पाणी कांसांतून (ओढ्यांसारख्या नाल्यांतून) विश्वामित्री नदीकडे जाते आणि सखल प्लॉट भरून उंच करणारा प्रत्येक जण ते पाणी शेजाऱ्याकडे ढकलतो. आम्ही त्यानंतर भर न घालता कडेने चर काढला आणि हलका माल वरच्या बाजूला हलवला. यार्डाला परवानगी देताना छप्पर आहे का यापेक्षा जमिनीची पातळी काय आणि पाणी कुठे जाते हे आधी विचारले पाहिजे.

सध्या वाघोडिया रोडच्या बाजूला एक प्लॉट पसंत पडला आहे. रस्ता पुरेसा रुंद आहे, मालक घाईत आहेत आणि भाडेही परवडणारे आहे. एफ फॉर्मची नक्कल अद्याप मिळालेली नाही, म्हणून टोकन दिलेले नाही.