सोवेईची प्रतिकृती : पोकळी झाली, मानेच्या वळ्या चालू

लाकूड पांगाऱ्याचं, ओलं. ओंडका ४५ सेंमी उंच, व्यास २८ सेंमी. सिएरा लिओनमधल्या मेंदे लोकांचे सोवेई मुखवटे साधारण ३५ ते ४५ सेंमीचे असतात आणि अख्खं डोकं आत जाईल असे एकाच ओंडक्यातून कोरतात, त्यामुळे जोड द्यायचा नाही.

पोकळी काढताना गाभा (ओंडक्याच्या मधोमधचा मऊ भाग) निघून जातो, पण माथ्यात तो उरतोच आणि चीर तिथूनच सुटते. केशरचना कोरायची म्हणून माथा जाड ठेवला तर हमखास. आतल्या बाजूने १२ मिमीच्या गिरमिटाने गाभा काढून घ्या, लाकूड वाळल्यावर भोकात खुंटी बसवा. भिंती १.५ सेंमी. काम थांबलं की ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं.

आता वळ्या. इथे घाई नको, कारण सगळा अर्थ इथे आहे. सोवेई ही पाण्यातून वर येणारी शक्ती. मानेच्या वळ्या म्हणजे ती वर येताना उठणारे तरंग, असं मानतात. भरल्या अंगाचं, निरोगी सौंदर्यही त्यांतच वाचतात. वळ्या लाकडाच्या उभ्या रेषांना आडव्या जातात, म्हणून दोन खाचांमधला उंचवटा भुसभुशीत होऊन तुटतो. पटाशी उंचवट्यावरून खाचेकडे उतरती चालवा, दोन्ही बाजूंनी. खालून वर कधीच नाही. मऊ लाकडाला उलट जास्त धार लागते. बोथट पटाशी कापत नाही, चिरडते.

तोंड लहान आणि मिटलेलं, नजर खाली. सोवेई बोलत नाही, तिच्या वतीने सोबतची बाई बोलते. मुलींना दीक्षा देणाऱ्या सांदे मंडळाची ही शक्ती, आणि मुखवटा घालून नाचतात त्या बायकाच. आफ्रिकेत हे दुर्मीळ. कोरणारे मात्र पुरुष. काळ्या राफियाच्या (एका ताडाच्या पानांच्या तंतूंच्या) पोशाखातून नाचणारीच्या अंगाचा तसूभरही भाग दिसता कामा नये. मंडळाशिवाय, पोशाखाशिवाय आपल्या टेबलावर आहे ते नुसतं लाकूड, हे प्रतिकृती करणाऱ्यांनी विसरू नये. खराब झालेल्या मुखवट्यालाही तिथे काम असतं : तो पुष्कळदा गोंदेकडे जातो, म्हणजे सोवेईची खिल्ली उडवणाऱ्या विदूषकी पात्राकडे.

रंग : तिकडे पानांचा काळा रंग आणि वर पामतेल. ऑइलपेंट नको, ओल्या अंगासारखी चकाकी हवी, प्लॅस्टिकची नव्हे. लोखंडाशी मिळून काळं होणारं तुरट द्रव्य, टॅनिन, पांगाऱ्यात कमी, म्हणून आधी हिरड्याचं पाणी (लिटरला १०० ग्रॅम पूड, रात्रभर भिजवून गाळलेलं), ते सुकल्यावर लोखंडाचं पाणी : १ लिटर व्हिनेगर, २५० ग्रॅम गंजके खिळे, आठवडाभर, झाकण सैल. हात तीन. पामतेल वाळत नाही, धूळ धरतं. त्याऐवजी जवसाचं पातळ चोळा.

राफिया बांधायची भोकं रंगाआधीच पाडायची, नाहीतर आतलं पांढरं लाकूड उघडं पडतं. ६ मिमीची, ३ सेंमी अंतराने, काठापासून किमान १.५ सेंमी वर. त्याखाली गेलात तर काठाचा तुकडा उभा सुटतो.