ताई घरी आली की गेम तुटतो

मी इंटरनेट कंपनीचा तंत्रज्ञ. एका घरात ऑनलाइन गेम मधूनच तुटायचा, पण तक्रारीच्या नोंदीत 'स्पीड कमी' एवढंच लिहिलं होतं. फोन घेणाऱ्यांना ठरलेल्या यादीतून एक कारण निवडावं लागतं आणि गेमची कुठलीही तक्रार याच कारणाखाली टाकली जाते. प्रत्यक्षात स्पीड उत्तम होता. मी जाण्याआधी दुसऱ्यांच्या दोन खेपा झाल्या होत्या, दोन्हींत स्पीड टेस्टचा फोटो काढून तक्रार बंद केलेली होती. पहिल्या खेपेला राऊटर बदलला, दुसऱ्या खेपेला वायफायचं चॅनल बदललं. कन्सोल वायरवर चालत होता, त्यामुळे चॅनल बदलून काय साधणार होतं ते मला आजही समजत नाही.

घरातल्या मुलाने दारातच सांगितलं, "दादा, ताई घरी आली की गेम तुटतो. तिने मोबाईल हातात घेतला की हमखास." आई म्हणाली, "त्याचं काही ऐकू नका, भांडणं आहेत त्यांची." आधीच्या माणसाने या वाक्यावरून ताई व्हिडिओ बघते म्हणून बँडविड्थ संपते असा निष्कर्ष काढला होता. ३०० एमबीपीएसच्या लाइनवर एका मोबाईलच्या व्हिडिओला ५ ते २५ एमबीपीएस लागतात. त्याने गेम तुटत नाही, आणि गेमला स्वतःला तर १ एमबीपीएससुद्धा पुरतो.

ताई अजून यायची होती. तोवर नेहमीची तपासणी केली. कन्सोल प्लेस्टेशन ५. केबल १००० एमबीपीएसवर जुळलेली, म्हणजे तारांच्या चारही जोड्या शाबूत. एखादी तार तुटली असती तर जोडणी १०० वर उतरली असती किंवा जुळलीच नसती. लॅपटॉप वायरने जोडून राऊटरला सलग पिंग लावलं (डेटाचं छोटं पॅकेट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहिलं), १ मिलिसेकंदाच्या आत. बाहेरच्या सर्व्हरला १८, एकही पॅकेट गहाळ नाही. लाइन पीपीपीओईची (या जोडणीत पॅकेट नेहमीपेक्षा थोडं लहान ठेवावं लागतं) असल्याने पॅकेटचा आकारही पाहिला: तुकडे न करता १४६४ बाइट जातात, १४६५ जात नाहीत. त्यात २८ बाइटचं शीर्ष मिळवलं की १४९२, पीपीपीओईवर हेच हवं. कन्सोलची स्वतःची टेस्ट सगळीकडे 'यशस्वी', फक्त नॅट टाइप ३ (नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्यावरून बोलायला लावणारी सोय; टाइप ३ त्यातला सर्वांत कडक).

इथे बहुतेक जण टाइप ३ वर बोट ठेवतात. टाइप ३ मुळे काही मित्रांशी थेट जोडणी होत नाही, पार्टीतला (खेळतानाच्या गट-गप्पांतला) आवाज जात नाही, गेमची खोली सापडत नाही. पण चालू असलेला गेम दर दोन मिनिटांनी वीस-तीस सेकंद गोठून परत येणं हे नॅटचं लक्षण नाही. नॅटचं दुखणं सुरुवातीलाच दिसतं. मधूनच तुटून आपोआप जुळतं तेव्हा मी आधी तीन गोष्टी धरतो: सैल केबल, वायफायचा अडथळा, किंवा एकाच आयपी पत्त्यावर (नेटवर्कमधल्या यंत्राच्या क्रमांकावर) दोन यंत्रं. पहिल्या दोन इथे निकालात निघाल्या होत्या.

कन्सोलमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, व्ह्यू कनेक्शन स्टेटस उघडलं. आयपी पत्ता १९२.१६८.१.५ (पुढे नुसता .५). मग सेट अप इंटरनेट कनेक्शनमधून त्या जोडणीच्या प्रगत सेटिंगमध्ये गेलो, तर पत्ता 'मॅन्युअल'. कोणीतरी हाताने घातलेला. राऊटरच्या पानावर डीएचसीपीची (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) यादी पाहिली: वाटपाचे पत्ते .२ पासून .२५४ पर्यंत. म्हणजे .५ हा पत्ता राऊटर कोणालाही देऊ शकतो. कन्सोलने तो स्वतःपुरता धरून ठेवलाय हे त्याला माहीतच नाही. यादीत .५ समोर एका मोबाईलचं नाव होतं आणि तो मोबाईल त्या वेळी घरात नव्हता.

लॅपटॉपवरून .५ ला पिंग केलं आणि 'एआरपी -ए' ही आज्ञा दिली; कोणत्या आयपीवर कोणता मॅक (यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) आहे त्याचा तक्ता ती दाखवते. (पिंगला उत्तर आलं नाही तरी चालतं. यंत्र त्याच नेटवर्कवर असेल तर त्याचा मॅक पत्ता एआरपीच्या तक्त्यात येतोच.) मॅक कन्सोलच्या पडद्यावरच्या मॅकशी अक्षर न् अक्षर जुळला. मुलाला खेळायला बसवलं आणि आम्ही थांबलो.

पाऊण तासाने ताई आली, पर्स ठेवून मोबाईल उघडला. मुलगा म्हणाला, "बघा." पडद्यावर पात्रं जागच्या जागी थिजली. मी एआरपीचा तक्ता पुन्हा काढला: पत्ता तोच, .५, पण मॅक वेगळा. त्याची पहिली जोडी 'डीए'. मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यात छापलेला नसून यंत्राने स्वतः बनवलेला असतो. हल्लीचे मोबाईल माग काढता येऊ नये म्हणून असाच बनावट मॅक वापरतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ती सोय आहे. खात्रीसाठी ताईच्या मोबाईलमधल्या वायफायच्या माहितीत पाहिलं. तोच मॅक.

आतलं चित्र असं होतं. राऊटरच्या तक्त्यात एका आयपीसमोर एकच मॅक राहतो. मोबाईल जागा होऊन बोलू लागला की .५ समोर त्याचा मॅक चढतो आणि गेमच्या सर्व्हरकडून येणारी पॅकेट मोबाईलकडे जाऊ लागतात. मोबाईलला ती अनोळखी, तो टाकून देतो. पडदा बंद झाला, मोबाईल पेंगला, की कन्सोलचा मॅक परत चढतो आणि गेम सुरू. ताईने मोबाईल हातात घेतला की गेम तुटायचा तो यामुळे. तिच्या मोबाईललाही याच अडचणी येत होत्या, पण वायफाय अडलं की मोबाईल गुपचूप मोबाईल डेटावर जातो, म्हणून तिच्या बाजूने कधी तक्रार उठली नाही.

राऊटर बदलल्यावर तीन दिवस सगळं ठीक चाललं होतं, आणि त्यामुळेच 'राऊटरच खराब होता' हे सगळ्यांना पटलं. खरं कारण वेगळं. नव्या राऊटरची यादी कोरी होती आणि तो बसवला तेव्हा कन्सोल चालू होता. हा राऊटर नवा पत्ता देण्याआधी तिथे कोणी आहे का ते विचारून घेतो; .५ वरून उत्तर आलं, त्याने तो वगळला आणि ताईच्या मोबाईलला .६ दिला. मग ताई दोन दिवस बाहेरगावी गेली. लीज (पत्ता वापरण्याची मुदत) २४ तासांची, ती संपली. .६ आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी घेतला. ताई परतली तेव्हा कन्सोल बंद, सर्वांत खालचा मोकळा दिसणारा पत्ता .५, तो तिला मिळाला. त्यानंतर ती रोज आपलाच पत्ता परत मागते आणि तशा वेळी राऊटर पुन्हा विचारपूस करत नाही.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. कन्सोलचा पत्ता 'ऑटोमॅटिक' केला. राऊटरच्या डीएचसीपीत कन्सोलच्या मॅकसाठी .५ राखून ठेवला. त्याआधी मोबाईलचं वायफाय बंद करून त्याची लीज यादीतून काढली, नाहीतर राखीव पत्ता घ्यायला कन्सोल येतो तेव्हा तिथे अजून दुसऱ्याची नोंद असते. इथे एक चूक फार होते: कन्सोलच्या वायरचा मॅक आणि वायफायचा मॅक वेगवेगळे असतात. वायरने खेळणाऱ्याने वायफायचा मॅक राखून ठेवला तर काही उपयोग नाही. कन्सोल पूर्ण बंद करून चालू केला. ताईचा मोबाईल दुसऱ्या पत्त्यावर गेला. तिला मुद्दाम व्हिडिओ लावायला सांगितला आणि चाळीस मिनिटं गेम चालू ठेवला, एकदाही अडला नाही.

माझ्या डोक्यात अजून फिरतंय ते .५ कोणी घातला ते. मी मनातल्या मनात त्या माणसाला नावं ठेवली होती, आणि ते चुकीचं होतं. माळ्यावरून घरातला जुना राऊटर काढून लावून पाहिला: त्याच्या वाटपाचे पत्ते .१०० पासून सुरू होतात. म्हणजे पोर्ट फॉरवर्ड करण्यासाठी (बाहेरून येणारी जोडणी थेट कन्सोलकडे वळवण्यासाठी) ज्याने कन्सोलला .५ दिला त्याने वाटपाच्या बाहेरचा पत्ता निवडला होता, अगदी बरोबर. ३०० चा प्लॅन घेतल्यावर, तक्रारींच्याही आधी, आमच्याच माणसाने जुना राऊटर काढून नवा बसवला. जुन्यातल्या सेटिंग्ज उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागतात. ती घेतली नाहीत. दोन्ही राऊटर १९२.१६८.१ याच मालिकेतले निघाले हे आणखी वाईट. नवा १९२.१६८.० चा असता तर कन्सोल पहिल्याच दिवशी अजिबात जोडला गेला नसता आणि कोणीही तासाभरात कारण शोधलं असतं. अर्धवट चालणारी जोडणी चार महिने टिकली.

आणि मुलगा पहिल्या दिवसापासून नेमकं सांगत होता. कधी तुटतं, कोणासमोर तुटतं, मोबाईल कधी हातात असतो. ते वाक्य नोंदीत उतरवायला आमच्या यादीत रकाना नाही. मी 'इतर' निवडून ते जसंच्या तसं लिहिलं.

टाइप ३ मात्र तसाच आहे. राऊटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या जोडणीच्या) पानावर पत्ता १०० ने सुरू होतो, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला, आणि बाहेरच्या साइटवर दिसणारा पत्ता वेगळा. म्हणजे पुरवठादाराच्या बाजूला आणखी एक नॅट आहे. अशा लाइनवर घरातल्या राऊटरमध्ये पोर्ट उघडणं म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असताना खोलीचं दार उघडून बसणं. यूपीएनपी (गेमला स्वतः पोर्ट उघडू देणारी सोय) चालू ठेवलं, फॉरवर्डिंगचा एकही नियम घातला नाही. मुलाच्या एका मित्राकडेही टाइप ३ आहे. दोघांचं पार्टीत बोलणं जुळत नाही, बाकी सगळ्यांशी जुळतं. सार्वजनिक आयपीसाठी अर्ज करून ठेवलाय, अजून उत्तर आलेलं नाही.