एकसष्ट दिवस

माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला एक ओळ असायची: ईएसआय १२२. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. सोळा हजार दोनशेवर पाऊण टक्का. कंपनी वरून सव्वातीन टक्के भरते, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही पॅकिंगच्या बायका त्याला दवाखान्याचे पैसे म्हणायचो. दवाखान्यात मात्र कुणी जायचं नाही. रांगेत अर्धा दिवस जातो, आणि अर्धा दिवस म्हणजे हाफ डे कट.

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे रबरी पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी आठ वर्षं आहे. ११ एप्रिल २०२१, रविवारी संध्याकाळी अंग तापलं. सोमवारी टेस्ट दिली, बुधवारी रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. त्याच बुधवारी, १४ तारखेला रात्री आठपासून राज्यात 'ब्रेक द चेन'ची कडक बंधनं लागली आणि आमच्या यांची रिक्षा घरासमोर उभी राहिली. शनिवारी ऑक्सिजन ९१ वर आला. महापालिकेच्या कोविड सेंटरमध्ये सहा दिवस काढले. त्या सहा दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. लिहायचं आहे ते नंतरच्या कागदांबद्दल.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी एचआरमधल्या सरांचा फोन आला. वयानं माझ्या भाच्याएवढे असतील, पण सरच. म्हणाले, "ताई, तुमच्या नऊ पीएल, म्हणजे पगारी रजा, होत्या, त्या लावून टाकल्यात. पुढचं विदाऊट पे. कधी येताय?" मी जिना चढताना दोनदा बसत होते. म्हटलं, डॉक्टर महिनाभर तरी नको म्हणतात. तर म्हणाले, "मग बघा. कॉन्ट्रॅक्टरकडून माणूस घ्यावा लागेल."

ईएसआयची आठवण माझ्या दिराला झाली. तो चाकणला असतो, त्यांच्याकडे युनियन आहे. म्हणाला, वहिनी, सिक टाकलीत का? आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. एकवीस हजारांच्या आत पगार असलेल्या प्रत्येकाला. फुकट नाही, तुमचेच पैसे आहेत.

आता सिक टाकायची म्हणजे ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला हवा. बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. हे माझी फाईल घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी पेशंटला बघितल्याशिवाय लिहिणार नाही म्हणून सांगितलं, आणि पेशंटला इतक्यात आणू नका, हेही सांगितलं. दोन्ही बरोबरच होतं, पण दोन्हीच्या मध्ये माझे दिवस जात होते. शेवटी त्यांनी आरटीपीसीआरचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी रिक्षातून गेले, तोंडावर दोन मास्क. बाईंनी छातीला नळी लावली, बोटाला ऑक्सिमीटर लावला, पुढचा दाखला दिला. मागच्या तारखांसाठी कागद मेडिकल रेफरीकडे, म्हणजे दाखले तपासणाऱ्या ईएसआयच्या डॉक्टरांकडे जाईल, म्हणाल्या. त्यांच्यासमोर मूळ कागद लागले. म्हणून सांगते, कोविड सेंटरचं डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करू नका. माझ्या नणंदेनं हौसेनं करून आणलं होतं, आणि त्यावर शिक्का मारायला जागाच राहिली नव्हती.

खरी गंमत पुढे. दाखल्याचा फोटो एचआरला पाठवला, तर सरांचं उत्तर आलं: "तुमचे ७८ दिवस भरत नाहीत. क्लेम बसणार नाही."

कुठले ७८? मी तर आठ वर्षं कामाला.

भाचीनं मोबाईलवर ईएसआयसीच्या साईटवर माझा विमा क्रमांक टाकला तेव्हा कोडं उलगडलं. आजारपण आत्ताचं असलं तरी हिशोब मागचा बघतात. जानेवारी ते जूनमध्ये आजारी पडलात, तर त्याआधीच्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किती दिवसांची वर्गणी भरली ते मोजतात. आणि माझा एप्रिल ते सप्टेंबर कुठला? २०२० चा! कंपनीला कुलूप होतं. एप्रिल पूर्ण बंद, मेमध्ये शेवटी पाच दिवस, मग ऑर्डर नाहीत म्हणून आम्हाला पाळीपाळीनं बोलवायचे. जूनचे बारा, जुलैचे नऊ, ऑगस्टचे चौदा, सप्टेंबरचे एकवीस. भाचीनं बेरीज केली, एकसष्ट. सतरा कमी. गेल्या वर्षी कोरोनानं काम नेलं होतं, आणि त्या न केलेल्या कामामुळे यंदा कोरोनाचं आजारपणही बिनपगारी होणार होतं. त्या रात्री मी जेवले नाही. घरभाडं सहा हजार, ते द्यायचं राहिलं होतं.

दीर म्हणाला, फोनवर ऐकून सोडू नका, ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारा, आणि तोंडी नको, अर्ज द्या. मला उभं राहवत नव्हतं, म्हणून हे रांगेत आणि मी बाहेर रिक्षात. खिडकीपाशी नंबर आल्यावर मला हाक मारली. आतल्या वयस्कर बाबूंनी कॉम्प्युटरवर बघितलं, म्हणाले, "एकसष्ट आहेत की. मग अडचण काय?" मी म्हटलं, ७८ लागतात ना? ते म्हणाले, "लागतात. पण लॉकडाऊनमुळे त्या सहा महिन्यांसाठी अट निम्मी केली आहे. या जूनपर्यंतच्या आजारपणाला ३९ दिवस पुरतात. तुमच्या कंपनीला कळवलेलं नाही वाटतं कुणी."

फेब्रुवारीतला निर्णय होता तो. मेमध्ये एचआरला माहीत नव्हता. मी सरांना दोष देत नाही, त्यांच्या टेबलावर जुनाच कागद होता. पण फोनवर "बसणार नाही" म्हणून सांगताना त्यांचा आवाज जेवढा ठाम होता, तेवढा ठामपणा मी आठ वर्षांत पगारवाढीबद्दल कधी ऐकला नाही.

बाबूंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी रिक्षाच्या पावती पुस्तकाच्या मागे लिहून घेतल्या. एक, ज्या दिवसाचा रजेचा पगार घेतला त्या दिवसाचा सिकचा पैसा मिळत नाही. म्हणजे नऊ पीएल गेल्या की नऊ दिवसांचा लाभही गेला. दोन, सिकचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं कलम ७३. हे दुसरं त्यांनी मी न विचारता सांगितलं. कदाचित रोज कुणी ना कुणी त्या खिडकीशी तेच रडत असेल.

घरी येऊन भाचीकडून मेल लिहून घेतला. साध्या मराठीत, चार ओळी: माझ्या नऊ पीएल परत जमा करा, मी १२ एप्रिलपासून ईएसआयच्या दाखल्यावर आहे, दाखले जोडले आहेत, ३९ दिवसांच्या सवलतीबद्दल शाखेत खात्री केली आहे. कलम ७३ शेवटच्या ओळीत टाकलं, भांडणाच्या सुरात नाही, नुसतं माहितीसाठी. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. पीएल परत आल्या. रोखीत बघितलं तर पीएलचे शंभर टक्के जास्त, सिकचे सत्तरच. पण मला ठाऊक होतं की कामावर गेल्यावरही एखाद्या सकाळी उठणं जमणार नाही. ते नऊ दिवस मला तेव्हासाठी हवे होते. आणि झालंही तसंच, दिवाळीपर्यंत सात वापरल्या.

हिशोब असा लागला. माझी रोजची सरासरी ५४० रुपये. बंदच्या दिवसांनी ती कमी झाली नाही, कारण मिळालेला पगार भागिले पगाराचे दिवस असा भागाकार असतो. सत्तर टक्के म्हणजे ३७८. १२ एप्रिल ते ३० मे, एकूण ४९ दिवस. पहिले दोन दिवस कोरडे जातात, नियमच आहे. ४७ गुणिले ३७८, सतरा हजार सातशे सहासष्ट. दोन हप्त्यांत खात्यावर आले, दुसरा जुलैमध्ये. तोपर्यंत दुकानदाराची वही चालली.

३१ मेला फिटनेस घेऊन कामावर गेले. डॉक्टरबाईंना म्हटलं होतं, फिट लिहिलंत तर पहिल्याच दिवशी अठरा किलोचे बॉक्स उचलायला लावतील. त्यांनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं: एक महिना वजन उचलण्याचे व सतत उभे राहण्याचे काम देऊ नये. सुपरवायझरनं चिठ्ठी वाचली, उलटून बघितली, जणू मागे काही लपवलंय. "अशी प्रत्येकीनं आणली तर लाईन कोण चालवणार?" मी काही बोलले नाही. मागच्या महिन्यात दोघी परत येऊन आठवड्यातच घरी गेल्या होत्या, ते त्यालाही माहीत होतं. दुपारनंतर त्यानं मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. स्टूल, ट्यूबलाईट, बुशला चीर आहे का बघायची. पॅकिंगचा इन्सेंटिव्ह गेला, पण बसायला मिळालं. महिन्याचे दोन महिने झाले, कुणी उठवलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत बायका माझ्याकडे स्लिपा घेऊन येऊ लागल्या. मी २०२० च्या सहा महिन्यांचे दिवस मोजून द्यायचे. बहुतेकींचे पन्नास, साठ. माझ्या शेजारच्या मशीनवरची एकजण माझ्याच आठवड्यात आजारी पडली होती, एकवीस दिवस घरी होती. लॉकडाऊनमध्ये ती परभणीला गावी अडकली आणि ऑगस्टमध्ये परत आली. तिच्या स्लिपा मी दोनदा मोजल्या, मग तिच्या हातात पेन देऊन तिला मोजायला लावल्या. सदतीस.