बिजलीची नोंदवही: १६ आठवडे, एक सैल दाढ आणि पाच बादल्या

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सगळ्या नोंदी एकत्र करून टाकतेय. ज्यांच्याकडे म्हातारं घोडं आहे आणि खाऊनपिऊन वाळत चाललंय त्यांना थोडाफार उपयोग होईल. बिजली २६ वर्षांची घोडी आहे, माझ्याकडे १४ वर्षं झाली. गेल्या काही महिन्यांत ती अंगाने उतरत गेली आणि मी काय केलं तर चंदी वाढवली. आधी सकाळची, मग संध्याकाळची पण. ती सगळी संपवायची, बादली अगदी चाटूनपुसून, त्यामुळे मला वाटायचं खाणं तर व्यवस्थित चाललंय मग वजन जातंय कुठे. दाणा ती संपवत होती, वैरण नाही, आणि वैरणीकडे माझं लक्षच नव्हतं.

आठवडा ०

वैरणीच्या जागी खाली गवताचे ओले गुंडाळे पडलेले असायचे, अंगठ्याएवढे, चघळून टाकलेले. मला इतके दिवस ते पायाखाली तुडवलेलं गवत वाटत होतं. त्या दिवशी ती खाताना शेजारी उभी राहिले, चांगला अर्धा तास, आणि तेव्हा दिसलं की ती घास घेते, डोकं एका बाजूला कलवते, आठदहा वेळा चावते आणि गुंडाळा तोंडातून खाली पडतो. मग हातमोजा घालून लीद फोडून बघितली तर आत बोटाच्या पेराएवढ्या काड्या. नीट चावलेल्या गवताचे लिदीतले तुकडे काही मिलिमीटरचेच असतात, त्यामुळे या काड्यांनीच निम्मं उत्तर दिलं. तोंडाला वास पण होता, सडका, आणि तो डाव्या बाजूने जास्त.

मापं घेतली. छातीचा घेर १७२ सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५०. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे साधारण ३७३ किलो. ती चांगली असताना ४२० च्या आसपास असायची. अंगावरचं मांस-चरबी मोजायच्या हेनेकेच्या १ ते ९ च्या स्केलवर (१ म्हणजे सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ) मी तिला ३ दिले. हे मार्क डोळ्यांनी देऊ नका, हाताने द्या. मान, विदर्स (मानेच्या मुळाशी पाठीवरचा उंचवटा), खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ, सगळीकडे बोटं फिरवून बघायचं, कारण म्हाताऱ्या घोड्याचे केस दाट असतात आणि पोट खाली लोंबतं, लांबून बघणाऱ्याला ते गुबगुबीतच वाटतं. बिजलीचं पोट मोठं होतं आणि पाठीचा कणा हाताला टोचत होता.

आठवडा १, दात

डॉक्टर आले, गुंगीचं इंजेक्शन दिलं, स्पेक्युलम लावून जबडा उघडा ठेवला, आणि हेडलॅम्प आणि आरशाने एकेक दाढ बघितली. जीभ बाजूला धरून, टॉर्च मारून पुढचे दात बघणं याला तपासणी म्हणत नाहीत, हे मला त्या दिवशी पटलं. आधी दोन वर्षं असंच वरवर बघून ठीक आहे म्हटलं गेलं होतं आणि मी पण मान डोलावली होती.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं. घोड्याची दाढ हिरडीच्या आत खूप लांब असते आणि आयुष्यभर वर्षाला २ ते ३ मिमी वर येत राहते, तेवढीच झिजते. हा साठा विशी संपता संपता संपत येतो. मग जे उरतं ते गुळगुळीत, आखूड मुळांचं, गवत दळायला कामाचं नाही. शिवाय वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा टोकदार होतात, गाल आणि जीभ कापली जाते.

बिजलीला दोन्ही होतं. कडा धारदार, डाव्या गालाला आतून जखम. डावीकडची ओळ लाटेसारखी वरखाली. खालच्या दाढांमध्ये दोन ठिकाणी फटी पडलेल्या आणि त्यात चारा अडकून कुजलेला, वास तिथूनच येत होता. आणि खालची डावी एक दाढ इतकी सैल की बोटाने हलत होती. ती त्याच बैठकीत काढली, मूळ आखूड असल्याने सहज आली. हातात घेऊन बघितली तर माझ्या अंगठ्यापेक्षा लहान. तरुण घोड्याची अख्खी दाढ ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल मला काय वाटलं असेल ते.

आणि एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. मी म्हटलं ती लाट पण सपाट करून टाका ना. डॉक्टर नाही म्हणाले. फक्त टोकं काढली, कानस हलक्या हाताने मारली, फटी साफ केल्या आणि थांबले. या वयात दाताचा जेवढा भाग शिल्लक आहे तो सोन्यासारखा आहे, सपाट करायच्या नादात दळायची जागाच घासली जाते, मशीन जास्त वेळ एकाच जागी फिरलं तर उष्णतेने आतला गर पण खराब होतो. म्हणजे तिचे दात बरे होणार नाहीयेत. दुखणं थांबेल, बस. दळायचं काम आता दुसऱ्या कुणीतरी करायला हवं आणि ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी आणि माझ्या बादल्या.

ती रात्र मी नीट झोपले नाही, खरं सांगते. ती किती दिवस दुखऱ्या तोंडाने खात होती ते आठवत राहिलं.

आठवडा १ ते ३, खाणं बदललं

पहिलं काम चंदी कमी करणं. वाळलेल्या जनावराची चंदी कमी करायची हे ऐकायला उलटं वाटतं पण हिशोब बघा. मी एका वेळेला २ किलो ओट्स देत होते. ओट्समध्ये साधारण ४० टक्के स्टार्च, म्हणजे ८०० ग्रॅम. सांभाळून राहायचं तर एका जेवणात किलो वजनामागे १ ग्रॅम स्टार्चच्या आत राहावं म्हणतात, तिच्या वजनाला ३७० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दुप्पट. जास्तीचा स्टार्च, त्यात तो नीट न चावलेला, लहान आतड्यात न पचता मागे मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, आम्ल होतं, पोटशूळ आणि लॅमिनायटिसला (खुरांच्या आतल्या सुजेला) आमंत्रण. ती वाचली हे नशीब.

घोडं हे मुळात चोथ्यावर जगणारं जनावर. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा पोटात जायलाच हवा, मग तो लांब गवताच्या रूपात जमत नसेल तर भिजवून मऊ केलेल्या रूपात. मी ४२० किलो धरून ७ ते ८ किलोचा अंदाज बांधला, कारण वजन आणायचं असेल तर आत्ताच्या नाही, हव्या असलेल्या वजनाला घालायचं. आता तिचं रोजचं असं आहे: गवत आणि लसूणघासाचे मिश्र क्यूब (दाबून केलेले सुक्या चाऱ्याचे गड्डे) ४ किलो, मोलॅसिस नसलेलं बीट पल्प (बिटातली साखर काढून उरलेला चोथा) दीड किलो, सीनिअर फीड (म्हाताऱ्या घोड्यांचं तयार खाद्य) २ किलो, सगळी वजनं कोरडी. पाच बादल्यांत वाटून, शेवटची रात्री उशिरा. भिजल्यावर हे प्रमाण बघून घाबरायला होतं, तिचा चेहरा पूर्ण बुडेल एवढी लापशी होते. लसूणघासातून प्रोटीन आणि कॅल्शियम जातं, पल्पमधून पचायला सोपा चोथा, आणि व्हिटॅमिन मिनरल मुख्यतः सीनिअर फीडमधून, कारण नुसत्या पल्पवर कुठलंच घोडं चालत नाही. गव्हाच्या कोंड्याची मॅश देऊ का म्हणून विचारतात, रोज नका देऊ, त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नगण्य, उलटं प्रमाण.

हा सगळा बदल दोन आठवड्यांत हळूहळू केला. तेल पण तसंच, ५० मिलीपासून चालू करून तीन आठवड्यांत २०० वर नेलं. चरबीत स्टार्चच्या दुपटीपेक्षा जास्त ऊर्जा असते आणि आंबायची भीती नाही, पण घाई केली तर लीद लगेच पातळ होते. तेलाबरोबर व्हिटॅमिन ई द्यायला विसरू नका. रोज २५ ग्रॅम मीठ, आणि पाणी कोमट, कारण गार पाणी दातांना झोंबलं की ही मंडळी कमी पितात आणि मग लीद अडकते.

लांब गवत पूर्ण बंद केलं नाही. अगदी मऊ, पानाळ, थोडंसं समोर ठेवते. घोड्याची लाळ चावतानाच सुटते आणि पोटात आम्ल मात्र चोवीस तास सुटत असतं, त्यामुळे तोंड हलतं राहिलेलं बरं. तिला ते चघळून टाकू दे, काही हरकत नाही. जाड देठाची वैरण मात्र तिच्यासमोर परत आलेली नाही.

तिसऱ्या आठवड्याअखेर घेर १७३, म्हणजे ३७८ किलो. टेपची चूक पण असू शकते म्हणून फार आनंद केला नाही.

आठवडा ५, वाईट दिवस

क्यूब नीट भिजले नव्हते. घाई होती, मधले गड्डे कडक राहिले आणि मी बघितलं नाही. दहा मिनिटांत ती मान लांब करून उभी, नाकातून हिरवट फेस आणि चारा, खोकला. चोक. अन्ननलिका अडकली होती. बादली, गवत सगळं काढून घेतलं, तिला शांत उभं केलं, डोकं खाली राहील असं बघितलं आणि डॉक्टरांना फोन. पाईपने पाणी मारू नका, तेल पाजू नका, ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. डॉक्टरांनी गुंगी दिली, नळी घालून धुऊन काढलं. पुढचे काही दिवस ताप येतोय का बघत होते, चारा श्वासात गेला असेल तर न्यूमोनिया होतो. नाही आला.

तेव्हापासून माझा नियम, बादलीत कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपते, एक जरी कडक गड्डा लागला तरी बादली द्यायची नाही. आणि बादलीत दोन मोठे गुळगुळीत दगड, तोंडात मावणार नाहीत एवढे, म्हणजे तिला त्यांच्या बाजूने खावं लागतं आणि वेग कमी होतो. उष्ण दिवसांत भिजवलेलं पटकन आंबतं, तेव्हा गरम पाण्यात थोडा वेळच भिजवते आणि आंबट वास आला की टाकून देते. बादल्या रोज घासायच्या, हे कंटाळवाणं आहे पण करावंच लागतं.

आठवडा ८

घेर १७६, ३९१ किलो. आता टेपची चूक म्हणता येणार नाही! शेपटीच्या मुळाशी हात बुडायला लागलाय. गालाची जखम भरली, वास गेला.

मधल्या काळात बाकीच्या तपासण्या पण केल्या, कारण दात सापडले म्हणून शोध थांबवायचा नसतो. लिदीत जंतांची अंडी मोजून घेतली, कमी निघाली. पीपीआयडीसाठी (म्हाताऱ्या घोड्यांचा पिट्युटरी ग्रंथीचा आजार) रक्तातलं एसीटीएच हे हार्मोन तपासलं, कारण पंधरा वर्षांवरच्या घोड्यांत हा आजार सर्रास असतो, लांब न गळणारे केस आणि पाठीचं मांस जाणं ही त्याची खूण, आणि बिजलीची पाठ तशीच दिसत होती. नॉर्मल आलं. इन्सुलिन पण ठीक. हे वेगळं आलं असतं तर खाण्याचा सगळा प्लॅन बदलला असता, म्हणून कुणाचं बघून कुणी सुरू करू नका.

अजून एक. तुमचं घोडं १ किंवा २ मार्कांचं असेल, म्हणजे उपाशी राहून सापळा झालेलं, तर माझं काहीही कॉपी करू नका प्लीज. अशा घोड्याला एकदम भरपूर दाणा दिला की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं आणि चारपाच दिवसांत घोडं दगावू शकतं, जेव्हा सगळ्यांना वाटत असतं की आता वाचलं. कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसने यावर काम केलंय, त्यांच्या पद्धतीत पहिले तीन दिवस दर चार तासांनी फक्त अर्धा किलोच्या आसपास लसूणघास देतात आणि मग दहा दिवसांत हळूहळू वाढवत नेतात. डॉक्टर सोबत असायलाच हवेत.

आठवडा १२

काही विशेष नाही. कळपातल्या दोन तरुण घोड्या तिला बादलीवरून हाकलत होत्या, आता ती वेगळी खाते, तिच्या तिच्या वेगाने, एका बादलीला तास लावते. मी तोवर खरारा करत बसते. रोज वीस मिनिटं हळू चालवते पण, मांस नुसत्या खाण्याने येत नाही.

आठवडा १६

घेर १८०, ४०९ किलो. म्हणजे ३६ किलो, दिवसाला सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. मार्क साडेचार. पाठीचं मांस पूर्ण परत आलेलं नाही आणि बहुतेक येणारही नाही, पण कणा आता टोचत नाही. तेल १५० वर आणलंय, ४२० ला पोचली की अजून कमी करेन.

दात परत सहाव्या महिन्यात बघायचेत. तरुण घोड्याला वर्षातून एकदा चालतं, तिला नाही, काढलेल्या दाढेच्या समोरची वरची दाढ आता कुणाशी घासत नाही म्हणून ती खाली वाढून रिकाम्या जागेत घुसते का ते बघावं लागेल. त्याच वेळी पुढच्या दातांचा एक्स-रे पण काढायचं ठरलंय, म्हातारपणी पुढच्या दातांची मुळं आतून विरघळतात तो एक वेगळाच आजार आहे आणि गाजर पुढच्या दातांनी तोडताना ती हल्ली जरा थांबते असं मला वाटतंय. सध्या गाजर किसून देतेय. आज सकाळची लीद परत फोडून बघितली, काड्या नव्हत्या.