प्रयोग फसला की बाई काय करतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न तसा नेहमीचाच. नव्याने शिकवू लागलेल्या बाई तो हळूच विचारतात, पालक हसत हसत विचारतात: वर्गात एवढा पसारा मांडता, आणि ऐनवेळी प्रयोग फसला तर? सगळ्या मुलांसमोर काय करता?

पहिली काही वर्षं काय करायचे, ते आधी सांगते. लबाडी करायचे.

घेवड्याच्या बिया रुजवायचा प्रयोग. काचेच्या पेल्यात आतून टिपकागद लावायचा, कागद आणि काच यांच्या मध्ये बी सरकवायचं, कागद ओलसर ठेवायचा. मूळ कुठून फुटलं, कोंब कधी वर आला, सगळं काचेतून दिसतं. त्या वर्षी बिया लावून आठवडा होत आला होता. एका सकाळी वर्गाचं दार उघडलं तर कुबट वास. निम्म्याहून जास्त बिया बुळबुळीत. मी धावत घरी जाऊन आले, खबरदारी म्हणून घरी रुजत घातलेल्या बिया आणल्या आणि मुलं यायच्या आत पेल्यांत सरकवल्या. मुलं खूश. एक मुलगी मात्र पेला डोळ्यांजवळ धरून उभीच. "बाई, माझ्या बीवर डाग होता."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. दुपारी वह्या तपासताना तिच्या निरीक्षणाच्या रकान्यात वाचलं: "डाग गेला." माझ्या लबाडीची तिने इमानदारीने नोंद केली होती. त्या वहीवर बरोबरची खूण करताना पेन उचलेना.

पुढच्या वर्षी बिया पुन्हा कुजल्या. या वेळी पेले तसेच ठेवले. मुलं नाक धरून बघत होती, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "बाई, तो आलाच नाही, तरी त्याचं उगवलं!" तापामुळे चार दिवस घरी असलेल्या मुलाच्या पेल्यात बोटाच्या पेराएवढं मूळ डुलत होतं. मग उलटतपासणी झाली. पाणी कोणी घातलं? सगळ्यांनी. कधी? प्रत्येक सुट्टीत. शेजारच्याचं बी तहानलेलं दिसलं म्हणून त्याच्याही पेल्यात. बिया मायेने बुडवल्या होत्या.

मग मुलांनीच तीन पेले मांडले: एक कोरडा, एक ओलसर, एक काठोकाठ भरलेला. बीलाही हवा लागते, हे पुस्तकात एका ओळीत असतं. आमच्या वर्गात ते नाकातून आत शिरलं. आठवडाभर जास्त गेला, हे कबूल. पुढच्या दोन पाठांत तो भरून काढला, कसा ते विचारू नका.

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवला: "आधी काय वाटलं". तो पेनाने लिहायचा आणि खोडायचा नाही. मुलांना हे सुरुवातीला फार जड जातं. चूक खोडायची असते, हे आपणच तर त्यांना शिकवलेलं असतं! थंडीच्या दिवसांत बर्फाचा एक खडा लोकरी मोज्यात घालतो आणि दुसरा तसाच बशीत ठेवतो. आधी कोणता वितळेल? बहुतेक हात मोज्याच्या बाजूने वर जातात, कारण स्वेटर गरम असतो. पण बशीतल्या खड्याचं पाणी झालं तरी मोज्यातला शिल्लक असतो. मुलं मोजा उलटापालटा करून बघतात, "बाई, यात काही घातलंय का?" म्हणतात. मग रिकाम्या मोज्यात थर्मामीटर ठेवायचा. खोलीचं जेवढं तापमान, तेवढंच मोज्याचं. लोकर ऊब तयार करत नाही, उष्णतेची ये-जा मंदावते. हे वाक्य मी शेवटी सांगते, कधी कधी सांगावंही लागत नाही.

अंदाज चुकला म्हणून एकदा एक मुलगा रडायला लागला. त्याला मी यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. या गृहस्थाने सुमारे 90 किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली, त्यात विलोचं सव्वादोन किलोचं रोप लावलं आणि 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड वाढून सुमारे 77 किलोचं झालं, माती जेमतेम 57 ग्रॅम घटली. झाड माती खात नाही, हे त्याने नीट दाखवलं. पण मग सगळं झाड पाण्याचंच बनलं, असा निष्कर्ष काढला आणि तिथे फसला, कारण हवेचा हिशेब त्याने धरलाच नव्हता. त्याचा हा प्रयोग छापून आला 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. मुलाने डोळे पुसत विचारलं, "मग त्याला कधी कळलंच नाही?" नाही कळलं.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल फसणं म्हणजे सोहळाच. प्रत्येक फसलेल्या प्रयोगात काही दडलेलं नसतं. टॉर्चचा सेल उतरला असेल तर सेल बदला आणि पुढे चला. आणि भिंगातून सूर्याकडे बघू नये, ही गोष्ट मी कोणालाही अनुभवाने शिकू देत नाही.

सगळ्यात जास्त फजिती सावलीच्या काठीने केली. मैदानात मीटरभर काठी उभी रोवायची, सावलीचं टोक खडूने आखायचं, दर महिन्याला पुन्हा. मी ऐटीत म्हटलं होतं, बारा वाजता सावली सगळ्यात लहान. बारा वाजले, सावली मोजली, आणि पंधरा मिनिटांनी ती आणखी लहान झाली. सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. "घड्याळ आणि सूर्य यांचं पटत नाही, कारण उद्या सांगते," म्हणून मी घरी गेले आणि वाचलं. घड्याळ मोठ्या प्रदेशासाठी एकच ठरवलेलं असतं. सूर्य मात्र एका रेखांशावरून दुसऱ्यावर जायला 4 मिनिटं घेतो. "उद्या सांगते" म्हणायची भीती तेव्हा गेली.

त्याच काठीपाशी उन्हाळ्याचा वाद होतो. सूर्य जवळ येतो म्हणून उन्हाळा, असं मुलं ठामपणे सांगतात, मोठेही. मग जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर असते आणि जानेवारीत सगळ्यात जवळ, 14.7 कोटींवर, ते कसं? आणि सूर्य जवळ आला असता तर सगळ्या पृथ्वीवर एकदम उन्हाळा नसता का आला? मग चौकटीच्या कागदावर टॉर्च सरळ धरायचा, नंतर तेवढ्याच अंतरावरून तिरपा, आणि उजेडातल्या चौकटी मोजायच्या. तिरपा उजेड जास्त चौकटींवर पसरतो, प्रत्येकीच्या वाट्याला कमी येतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे, हे त्यानंतर सांगितलं की पटतं. निदान टॉर्च हातात असेपर्यंत तरी.

सावल्यांचा तक्ता वर्गात वर्षभर टांगलेला असतो. मागे तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यातल्या तीन रिकाम्या रकान्यांवर बोट ठेवलं आणि एका मुलाला विचारलं, "हे भरायचे राहिले का?"

"नाही सर," तो म्हणाला, "तेव्हा आभाळ होतं."