मूठ उघडेना

दिव्यांग मुलांची कागदपत्रं करून देणं हे आमच्या संस्थेत माझं काम. मुंबईत हे काम निम्मं झेरॉक्सच्या दुकानात आणि निम्मं रांगेत होतं. भांडुपच्या एक ताई सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणं) असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, याला मेडिक्लेम कुणी देईना." विम्याच्या एजंटने बघताक्षणीच नाही म्हटलं होतं. दिव्यांगांसाठी एक तरी पॉलिसी ठेवा, असं विमा नियामकाने कंपन्यांना 2023 मध्येच बजावलंय. पण ते एजंटांपर्यंत पोहोचेल तेव्हा खरं.

"युडीआयडी काढलंय?" दिव्यांगांचं हे सरकारी ओळखपत्र काढलं नव्हतं, कारण आधारच बंद पडलेलं. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारला ठसे लागत नाहीत, पुढे मात्र ते द्यावे लागतात. केंद्रावरून यांना "हात उघडत नाही, जमणार नाही" म्हणून परत पाठवलं होतं. म्हटलं, चला, मी येते.

ऑपरेटर पोरगेलासा होता. त्याने मुलाची बोटं धरून सरळ ओढायला सुरुवात केली, तशी मूठ आणखीच आवळली. ताईंनी त्याचा हात बाजूला केला. मुलाचं मनगट हळूच आत वाकवलं, आणि बोटं आपोआप सैल झाली. फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं नव्हे, रोज आंघोळ घालताना त्यांना सापडलेलं. पण काचेवर टेकवायला मनगट सरळ केलं की पुन्हा मूठ. बुबुळांचंही तेच, नजर ठरेना.

"सिस्टीम घेत नाही."

"अपवाद म्हणून नोंद करता येते. सुपरवायझरना बोलवा."

सुपरवायझरना नियम माहीत होता, हे नशीब. चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा फोटो हवा होता. ताई मागून हात धरून उभ्या राहिल्या, तर "तुमचे हात येतायत, बाजूला व्हा." त्या बाजूला झाल्या की मुलाचा उजवा हात वर. मुलाला या सगळ्याची भलतीच गंमत वाटली. तो खदखदून हसला, की आणखी ताठ व्हायचा. शेवटी ताई खाली बसल्या आणि खालून नुसते कोपर धरून ठेवले. पावती हातात पडली तेव्हा मागची रांग कुरकुरायची थांबली होती.

आधार सुरू झालं, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन युडीआयडी कार्डही आलं. संजय गांधी निराधार योजनेचं मात्र जमलं नाही. दिव्यांगांना महिना 2,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. ताई चार घरी पोळ्या करतात, त्याचेच याहून जास्त होतात. ही मर्यादा ठरवणाऱ्याने मुंबईत खोलीचं भाडं एकदा तरी विचारावं. बाहेरचा दलाल कमी उत्पन्नाचा दाखला काढून द्यायला तयार होता. ताई म्हणाल्या, "उद्या चौकशी आली तर पोळ्या कोण करणार, तो?"

महात्मा फुले योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, रेशन कार्ड केशरी असो की पांढरं. पण ती अ‍ॅडमिट झाल्यावरची गोष्ट. याला लागते दर आठवड्याची फिजिओ. म्हणून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विम्याची योजना काढली. 1 लाखापर्यंतचं संरक्षण, आधीचा आजार आड येत नाही, वैद्यकीय तपासणी नाही, ओपीडी आणि थेरपीचाही खर्च मिळतो. आधी पैसे भरा, मग बिलं लावून परत मिळवा.

"बिलं जपून ठेवायची हं," मी सांगितलं.

पुढच्या खेपेला ताईंनी टेबलावर साडीच्या दुकानाची पिशवी उपडी केली. मुलगा तान्हा असल्यापासूनची बिलं, शाई उडालेली.

"यातली कुठली चालतील?"

"एकही नाही, ताई. पॉलिसी सुरू झाल्यापासूनचीच."

त्यांनी बिलं एकेक करून पुन्हा पिशवीत भरली आणि नव्या बिलांसाठी माझ्याकडून एक रिकामी फाइल मागून घेतली.